खालच्या मजल्याची देणगी

खजिनदारबाईंनी ट्रम्पेटची अडकलेली कळ चिमट्यात धरून ओढली. त्या दातांच्या डॉक्टर. चिमटा दवाखान्यातलाच होता.

"जपून, दाढ नाही ती," अध्यक्ष म्हणाले. त्यांची बेकरी होती, आणि शाळेच्या वाद्यवृंदासाठी पैसा उभा करणारं पालकांचं हे मंडळ त्यांच्या बिस्किटविक्रीवरच तग धरून होतं.

कळ हलली नाही. दुरुस्ती करावी, तर शनिवारच्या शिक्षिकेचं मानधन थकणार.

"शिक्षिका गेल्या तर सगळीच वाद्यं गप्प," बाई म्हणाल्या. "ट्रम्पेटच थांबेल." त्यांनी ते पुसून पेटीत ठेवलं, झाकण मात्र लावलं नाही.

तेवढ्यात दारात घड्याळवाले काका उभे राहिले. ट्रम्पेट वाजवणाऱ्या मुलीच्या घराखालीच ते राहत. आवाजाबद्दल त्यांनी शाळेकडे इतक्यांदा तक्रार केली होती, की अध्यक्षांनी न विचारताच बिस्किटांची बशी पुढे केली.

"तक्रार आहे," काका म्हणाले. "वरचा आवाज बंद झालाय."

"अहो, मग सुटलात की!"

"कसला सुटलो! पोरगी रोज एकाच जागी अडखळायची. मी खाली दातओठ खात बसायचो. सोमवारी एकदाची पार झाली. म्हटलं, उद्या पुढचं ऐकू. तर तेव्हापासून सामसूम! पुढे काय आहे, कुणाला विचारू?"

बाईंनी कळ दाखवली. काकांनी पाकीट काढलं.

"किती लागतील?"

बाईंनी आकडा सांगितला, पैसे घेतले आणि पावतीपुस्तक उघडलं. "नाव काय लिहू?"

"नाव नको. तिच्या आईशी रोज जिन्यात भांडतो मी. कळलं तर गोडीगुलाबीनं बोलायला लागेल. या वयात मला कुठे झेपणार ते?"

पुढच्या आठवड्यात बाई दुरुस्त झालेलं ट्रम्पेट घेऊन मुलीच्या घरी गेल्या. मुलीनं तिथल्या तिथेच वाजवायला घेतलं. अडखळायची जागा आली, गेली. सूर पुढे निघाला. तोच पायाखाली काठीचे ठोके सुरू झाले.

"बघितलंत?" आई उसळली. "माणूस आहे का कोण!"

बाईंनी कान दिला. ठोके अगदी तालात पडत होते.

"असतो एकेकाचा स्वभाव," त्या म्हणाल्या, आणि हलणारं पाऊल त्यांनी हळूच खुर्चीखाली ओढून घेतलं.