शेजारच्या सीटवरचा ब्रेक

गावातल्या निम्म्या माणसांना गाडी शिकवली ती मास्तरांनी, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्या शिष्यांनी. त्यामुळे रस्त्यावर कुणी चुकीचं वळलं की बोल फिरून फिरून मास्तरांनाच लागायचा. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. मास्तर तो इतक्या तत्परतेने दाबत, की शिष्य पाठीमागे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. मास्तरांच्या कानावर ते आलं होतं आणि त्यांना त्याचा अभिमानच होता. एकतीस वर्षांत एकाही शिष्याचा साधा आरसा फुटला नाही, हे ते विचारणाऱ्याला सांगत आणि न विचारणाऱ्यालाही.

एवढ्या गावात गाडी न येणारी एक बाई नेमकी त्यांच्याच घरात होती.

मास्तरीणबाईंना बावन्नाव्या वर्षी नोकरी लागली. डोंगरउतारावरच्या मोठ्या फळबागेत फिरून पाण्याचे व्हॉल्व तपासायचे. पायी फिरायचं तर दिवस पुरायचा नाही, म्हणून बागेकडून क्वॉड बाइक मिळणार होती, चार जाड चाकांची, हँडल धरून एकट्याने बसायची. मालकीणबाईंनी सांगितलं होतं, दुकानात जाऊन तुम्हाला झेपेल ती निवडा आणि सोमवारी तिच्यावरूनच कामाला या. बाईंनी आठवडाभर ही बातमी सगळ्यांना सांगितली, शेजारणीला तर दोनदा. गाडी निवडायला मास्तर बरोबर येणार हे न बोलताच ठरलं. घरात वैद्य असताना औषध कुणी बाहेर विचारतं का?

दुकानवाली मास्तरांचीच जुनी शिष्या निघाली. तिने मास्तरांना खुर्ची दिली आणि बाईंना एकेका गाडीवर बसवून बघायला लागली. तळवे पायपट्टीवर पुरते टेकतात का, हँडल टोकापर्यंत वळवलं तरी लांबचा हात सुटत नाही ना, वेग वाढवायचा थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो तो जड जात नाही ना. मग एका मधल्या आकाराच्या गाडीवर हात ठेवून ती म्हणाली, पहिलीच असेल तर ही घ्या. गियर बदलायची भानगड नाही, जोर बेताचा आहे, पण चढाला दमणार नाही.

मास्तरांचं लक्ष तिकडे नव्हतं. कोपऱ्यात एक छोटी लाल क्वॉड उभी होती, शाळकरी मुलांसाठीची. तिच्या हँडलला एक रिमोट लटकत होता. पोर लांब गेलं की आईबापांनी इथून बटण दाबायचं, तिथे इंजिन बंद.

"ही घेऊ," मास्तर म्हणाले.

दुकानवालीने भीतभीतच सांगितलं, की ही बारा-तेरा वर्षांच्या मुलांची आहे, उतारावर रोजच्या कामाला नाही पुरायची. त्यावर मास्तर म्हणाले, हिचं वजन तरी कुठे फार आहे, आणि धाडस म्हणशील तर बारा वर्षांच्या पोरीइतकंही नाही. असं म्हणून ते हसले. बाईही हसल्या. या विनोदाला त्या सव्वीस वर्षं हसत आल्या होत्या.

सव्वीस वर्षांपूर्वी, लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हा, मास्तरांनी त्यांनाही शिकवायला घेतलं होतं. एका वळणावर समोरून टँकर आला आणि त्यांची गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. टँकरवाल्याने कशीबशी आपली गाडी बाजूने काढली आणि जाता जाता शिव्या हासडल्या. घरी आल्यावर मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं, घाबरली ती. बाईंनी त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही.

दुकानामागे चालवून बघायला मोकळी जागा होती आणि टोकाला मातीचं टेकाड. लाल गाडीचा रिमोट मास्तरांनी आपल्या हातात घेतला. बाईंनी हेल्मेट घातलं, लाल गाडीवर बसल्या आणि सपाटीवर दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी कुणाला न विचारता गाडी टेकाडावर घातली. निम्म्या चढावर पुढचं एक चाक दगडावर चढलं आणि गाडी जराशी कलली. मास्तरांच्या मनात काही यायच्या आत त्यांच्या अंगठ्याने बटण दाबलं होतं.

इंजिन बंद पडलं. गाडी वीतभर मागे सरकली. बाईंनी ब्रेक दाबला, अंग पुढे झुकवून तोल धरला, ब्रेकची कळ अडकवून गाडी जागच्या जागी रोखली आणि वरच्या बाजूने खाली उतरल्या. इतकं बिनचूक, की शिकवलेल्यालाही पहिल्या दिवशी जमत नाही.

"काय झालं?" दुकानवाली धावत गेली.

"घाबरली ती," मास्तर खालूनच म्हणाले. "अंगठा सोडला असेल."

सव्वीस वर्षांपूर्वीचंच वाक्य. शब्दसुद्धा बदलायची तसदी माणसाने घेतली नाही.

दुकानवालीने गाडी सुरू करून पाहिली. होईना. तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा मास्तरांच्या मुठीकडे, आणि ती टेकाड उतरून त्यांच्याजवळ आली.

"मास्तर, रिमोटने बंद केली की रिमोटनेच सोडवावी लागते," ती हळूच म्हणाली. "द्या इकडे. मी त्यांना काही बोलत नाही."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला इथपासून शिकवलं, ती आज त्यांच्यावर पांघरूण घालत होती, तेही त्यांचा मान ठेवून. त्यांनी रिमोट दिला. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटकेची त्यांना जास्त लाज वाटली.

एव्हाना बाई खाली आल्या होत्या. त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं आणि पिशवीतून फोन काढला.

"मालकीणबाईंना कळवते, दुसरी बाई बघा म्हणून," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं मी सगळं बरोबर केलं. पण घाबरलेच असेन. घाबरल्यावर माणसाला कळत नाही ना, तुम्हीच म्हणता."

त्या नंबर शोधायला लागल्या.

"तू नाही घाबरलीस," ते म्हणाले. "बटण मी दाबलं."

बाईंचं बोट फोनवर थांबलं. त्यांनी वर पाहिलं.

"आणि त्या वळणावर?"

या प्रश्नाला जगात साक्षीदार नव्हता. टँकरवाला कधीच निघून गेला होता. नाही म्हटलं असतं तर चाललं असतं.

"तेव्हाही ब्रेक मीच दाबला. जागा होती, तू गाडी नीट काढली असतीस. मी घाबरलो. बायकोशेजारी बसून घाबरलो हे सांगायची लाज वाटली मला."

त्या ओरडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. दुकानवाली उगाच लाल गाडीची धूळ पुसत राहिली.

"आई गेली तेव्हा तुम्ही बाहेरगावी होतात," बाई सावकाश म्हणाल्या. "गाडी दारात उभी होती. मी तीन तास बसच्या थांब्यावर बसले. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून मी मनाशी म्हणत आले, अगं, तू भित्री, म्हणून तुला आई भेटली नाही."

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. गर्दीत कुणाच्या पायावर पाय पडला की म्हणतात, तसंच ते ऐकू आलं.

बाईंनी फोन पिशवीत टाकला, पिशवी दुकानवालीच्या हातात दिली आणि मघाची मधल्या आकाराची गाडी बाहेर काढायला सांगितली. गाडी आली. त्यांनी स्वतःच तळवे टेकवून पाहिले, हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून पाहिलं, थ्रॉटलवर अंगठा ठेवून पाहिला. हेल्मेटचा पट्टा लावता लावता त्या मास्तरांकडे वळल्या.

"तुम्ही आत जाऊन बसा. तुम्ही बघत असलात की मला वाटतं, माझं काहीतरी चुकतंय."

मास्तर आत गेले आणि खुर्चीत बसले. खुर्चीमागे खिडकी होती, तिच्यातून टेकाड दिसत असणार. बाहेर इंजिन सुरू झालं. आवाज सपाटीवरून लांब गेला, चढाला लागल्यावर जड झाला, मध्येच अडखळला, पुन्हा लागला. मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट दाबून धरले. मग आवाज माथ्यावर पोचला आणि पलीकडे उतरला. मागे वळून बघायची त्यांना फार इच्छा झाली. लाज त्याहून मोठी होती, ते तसेच बसून राहिले.