घरटी एक माणूस

मित्रांनो, मी एक जुना काउंटर आहे. दुकानात गल्ल्यापुढे असतो तो नव्हे. मी मुठीत मावणारा, लोखंडी, मोजणीचा काउंटर. माझ्या डोक्यावर एक बटण आहे. ते अंगठ्याने दाबलं की 'कट्' असा आवाज होतो आणि माझ्या तोंडावरचा आकडा एकाने पुढे सरकतो. बाजूची किल्ली फिरवली की मी पुन्हा शून्यावर येतो. या कामाला अक्कल लागत नाही असं लोकांना वाटतं. बरीच वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. माझी पहिली आठवण भिवंडीच्या बाजारातल्या एका स्टेशनरीच्या दुकानाची आहे. तिथून मला दौलतशेठ केटररांनी विकत घेतलं. त्यांच्याकडे माझं काम होतं लग्नातली ताटं मोजण्याचं. जेवणावळ उरकली की यजमान म्हणायचे, सहाशेच माणसं जेवली. दौलतशेठ म्हणायचे, आठशे. मग ते खिशातून मला काढायचे आणि यजमानांच्या नाकासमोर धरायचे. माझ्या तोंडावर असायचं सातशे त्रेचाळीस. दोघांचं भांडण तिथेच मिटायचं. त्या दिवसांत मी जरा शेफारलोच होतो. खरं बोलणारा गावात एकटा मीच, अशी माझी समजूत झाली होती.

पुढे दौलतशेठनी मला आपल्या भाच्याला, हरेशला दिलं. हरेशचं गाव अंजूरच्या पलीकडे. वडिलोपार्जित भातशेती होती, तिच्यावर आता गोदामं उभी आहेत. आसपासची बरीच गावं अशीच बदलली. गोदामवाल्यांनी मिळून हरेशच्या गावासाठी एक उत्सव निधी काढला आणि तो वाटायला गावाने एक उत्सव समिती नेमली. जीवनशेठ अध्यक्ष झाले आणि हरेश मोजणीदार. पगार नव्हता, पण गळ्यात ओळखपत्र होतं आणि हातात मी होतो.

समितीचे नियम छापील होते. प्रत्येक उत्सवाला शंभरापैकी गुण मिळत. स्वच्छतेचे काही, आवाज हद्दीत ठेवल्याचे काही, बाहेरगावच्या पाहुण्यांचे काही. पण साठ गुण एकट्या हजेरीचे. शंभराच्या आत माणसं आली, तर त्या साठांतला एकही गुण नाही. लागोपाठ दोन वर्षं नापास झालेला उत्सव यादीतून बाद. आणि शेवटचा नियम असा होता की यादीतला उत्सव ज्या मोकळ्या जागेवर होतो, ती जागा गाव राखून ठेवील. नाव बाद झालं, तर जागा भाड्याने देता येईल. हा शेवटचा नियम तेव्हा कुणी नीट वाचला नाही. मी तर वाचूच शकत नाही.

माझी पहिली मोठी कामगिरी म्हणजे अंडरआर्म क्रिकेटचा चषक. हरेश मैदानाच्या कमानीखाली उभा राहायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येकामागे मला दाबायचा. पोरं आत यायची, एक ओव्हर बघायची, वडापाव खायला बाहेर जायची, परत आत यायची. परत कट्. एका जाडजूड गृहस्थांना मी दुपारपर्यंत सात वेळा मोजलं. संध्याकाळी आकडा झाला एक हजार तीनशे बासष्ट. जीवनशेठनी समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा फोटो टाकला. चषकाला शंभरापैकी त्र्याण्णव गुण मिळाले. मी खूश होतो. एकच माणूस सात वेळा मोजला तर ती सात माणसं होत नाहीत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मग आली वाघबारस.

गावाच्या मागे डोंगर आहे. डोंगरावर वरचा पाडा, अडतीस घरांचा. डोंगराच्या पायथ्याला एक माळ होता आणि माळावर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पाड्यावरची माणसं तिथे पूजा करत. गुराढोरांना, लेकरांना सांभाळ म्हणून वाघोबाला सांगत. या पूजेचा अर्ज पाड्यावरच्या काशीने भरला होता. काशी सातवीपर्यंत शिकलेली, पूर्णा गावच्या गोदामात माल चढवायला जाणारी बाई. निधीतून तिला फार काही नको होतं, एक मोठं पातेलं आणि सावलीला ताडपत्री. पण शेवटचा नियम तिने वाचला होता. माळ वाचावा म्हणून तिने वाघोबाचं नाव यादीत घातलं होतं.

पहिल्या वर्षी हरेश माळाच्या तोंडाशी उभा राहिला. एकेक माणूस पायवाटेने खाली उतरत होता. कुणी म्हातारा, कुणी तरणी पोर, प्रत्येकाच्या पदरात नाही तर फडक्यात ओंजळभर तांदूळ. अडतीस माणसं झाली आणि पायवाट रिकामी झाली. हरेशने बराच वेळ वाट पाहिली.

"काशीताई, बाकीची कवा यतील?"

"बाकीची म्हंजे कोन?"

"पाड्यावरची. शंभर तरी व्हायाला पायजेत."

"सगली आली की," काशी समाधानाने म्हणाली. "अडतीस घरां, अडतीस मानसां. औंदा एक बी घर चुकलां न्हाय."

त्या पाड्याची रीतच तशी होती. वाघबारशीला घरटी एकच माणूस माळावर यायचा. बाकीच्यांनी घरी थांबायचं, अंगणात गुरांपाशी बसायचं. त्या दिवशी वाघोबा घराघरावरून फिरतो, आणि जिथे माणूस बसलेला दिसत नाही त्या घरात शिरतो, असं ते मानत. म्हणून घरी बसणारेही पूजेतच असत. अडतीस घरांचे तांदूळ एका पातेल्यात शिजत, गुळाची खीर होई, आणि प्रत्येक जण घरच्यांची वाटणी पानाच्या द्रोणात घेऊन डोंगर चढे. जिथे पाडाच्या पाडा हजर होता, तिथे मी अडतीस सांगितले. समितीने हजेरीपुढे शून्य लिहिलं आणि काशीच्या हाती पहिल्या ताकिदीचं पत्र आलं.

हरेश वाईट माणूस नव्हता. तो काशीबरोबर वर पाड्यावर गेला. पाड्याचा भगत राघोबाबा अंगणात दोर वळत बसला होता.

"बाबा, येक वर्स सगल्यांना खाली आना," हरेश म्हणाला. "न्हायतर माळ जाईल."

"मंग घरी कोन बसंल?"

"येका दिसाचा तर सवाल हाय."

"वाघोबा बी येकच दिस फिरतो," राघोबाबा म्हणाला आणि पुन्हा दोर वळू लागला.

काशीला माळ हवा होता आणि बाबांचा शब्दही मोडायचा नव्हता. उतरताना तिने अर्ध्या वाटेवर हरेशला थांबवलं. "भाऊ, आमची घरां मोजली तर?" हरेश विचारात पडला. घरं मोजायला नियमात जागा नव्हती. पण घरात असतात ती माणसंच, असं तो म्हणाला. जो खाली येईल त्याला विचारायचं, घरी किती बसलेत, आणि तेवढी बटणं दाबायची. काशीने विचारलं, "ह्यां खोटां व्हईल का?" हरेश म्हणाला, "मानसां हायतच ना?"

मित्रांनो, दुसऱ्या वर्षाची ती वाघबारस मी विसरणार नाही. पायवाटेने पहिली म्हातारी आली. हरेशने विचारलं, "आये, घरी कोन हाय?" ती म्हणाली, "ल्योक, सून, दोन नातवां." हरेशने मला पाच वेळा दाबलं. नंतर एक बाप्या आला. तो म्हणाला, "मी येकलाच. शेजारीन बसली माझ्या अंगनात." कट्, एकदाच. एक बाई चार बोटं दाखवून पुढे गेली आणि दहा पावलांवरून परत आली. "न्हाय रं भाऊ, तीनच लिव. देवू नाशिकला गेलाय कामाला, तो आज घरी न्हाय." कुणी एक माणूस वाढवून सांगितला नाही. शेवटी माझ्या तोंडावर आकडा आला एकशे एकाहत्तर. इतकी वर्षं मी नुसता मोजत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी विचारून मोजलं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात खरा आकडा होता, असं मी आजही म्हणतो.

आठवड्याने समितीची बैठक झाली. निधीच्या ऑफिसातून तपासणीला पूर्वा नावाच्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी मोबाईलवर समितीच्या ग्रुपवर आलेला वाघबारशीचा फोटो उघडला, पेनाच्या टोकाने एकेक डोकं मोजलं आणि फोन टेबलावर ठेवला.

"यात अडतीस माणसं आहेत. तुमच्या कागदावर एकशे एकाहत्तर. कसं काय?"

हरेशने घाम पुसत सगळं सांगितलं. रीत सांगितली, घरी बसणं सांगितलं, नाशिकला गेलेल्या देवूचंही सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता.

"तुम्ही म्हणता ते पटतं मला," त्या म्हणाल्या. "पण घरी बसलेल्या माणसाला मी उपस्थित कसं लिहू? माझ्या फॉर्मात तो रकानाच नाही."

"सरळ बोगस मोजणी हाय ही," जीवनशेठ म्हणाले. "एक सोडलं तर उद्या सगलेच असं करतील."

काशी दारात उभी होती. तिला आत बोलावलं नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, "चला मंग वर. आमी नावां सांगतो, तुमी मोजा." कुणी उठलं नाही. मला फार ओरडावंसं वाटलं. क्रिकेटच्या दिवशी एका माणसाला मी सात वेळा मोजलं, त्याचा फोटो कुणी का तपासला नाही, असं विचारावंसं वाटलं. पण मला तोंड आहे ते आकड्यांपुरतं. वाघबारस यादीतून बाद झाली. आणि खोट्या मोजणीचा ठपका ठेवून हरेशच्या गळ्यातलं ओळखपत्रही काढून घेतलं.

पुढचं तुम्हाला सांगताना मला जड जातं. चार महिन्यांत माळावर पोकलेन आला. माती सपाट झाली, खांब उभे राहिले, निळे पत्रे चढले. वाघोबाचा दगड उचलून कुंपणाबाहेर गटाराच्या कडेला ठेवला, निदान कुणी फोडला नाही. समितीने माणसं मोजायला कॅमेरा घेतला आणि मी हरेशच्या खिशातच राहून गेलो. त्याचंही घर चालायला हवं होतं. काल्हेरच्या एका एजन्सीतर्फे त्याला गेटवरची ड्युटी मिळाली, ती नेमकी याच गोदामाची. सकाळी ठेकेदार पाड्याची माणसं एकदम घेऊन येतो. हरेश मला शून्यावर आणतो आणि त्यांना मोजून आत सोडतो. काशीही त्यांच्यातच असते. ती हरेशकडे बघत नाही, हरेश तिच्याकडे बघत नाही. मी दोघांच्या मधे कट् म्हणतो.

या वर्षी वाघबारस आली ती ऐन दिवाळीच्या सीझनमध्ये. गोदामात पार्सलांचे डोंगर लागले होते. ठेकेदाराने सांगून ठेवलं होतं की सुट्टी मिळणार नाही, पण त्या दिवशी येईल त्याला दुप्पट हजेरी, आणि न येणाऱ्याला उद्यापासून काम नाही. सकाळी गेट उघडलं. हरेश मोजू लागला. त्या दिवशी रांग संपेचना. रोज चाळीस-पन्नास असायची. आज सुना होत्या, सासवा होत्या, नाशिकहून परत आलेला देवू होता. काशी गेटपाशी आली तेव्हा हरेशने पहिल्यांदाच तिला विचारलं.

"काशीताई, घरी कोन बसलं?"

"कोनी न्हाय," ती म्हणाली. "पोरां राघोबाबाच्या अंगनात ठेवलीत सगल्यांनी. दारां लावून आलो."

हरेशचा अंगठा माझ्यावर थांबला. मागून ठेकेदार ओरडला, "जल्दी करो, टाइम हो गया." हरेशने बटण दाबलं. शेवटचा माणूस आत गेला आणि त्याने मला डोळ्यांसमोर धरलं. एकशे चार. वाघबारशीच्या दिवशी, त्याच माळाच्या जागेवर, वरच्या पाड्याची शंभरावर माणसं जमली होती. समितीला हवी होती तेवढी. वर डोंगरावर सदतीस घरं बंद होती आणि त्यांच्या अंगणात कुणीही बसलेलं नव्हतं. हरेशने मला खिशात टाकलं आणि गेट लावून घेतलं.

मित्रांनो, मी आता गंजू लागलोय. बटण अडकतं, आकडे पुसट झालेत. माझ्या जागी उद्या अधिक हुशार यंत्रं येतील आणि तुम्ही मोठे झालात की ती तुमच्या हातात येतील. त्यांची काळजी घ्या, तेल घाला, सगळं करा. पण त्यांनी दाखवलेल्या आकड्यावर सही करण्याआधी समोरच्या माणसाला थांबवा आणि एकदा एवढंच विचारा, तुमच्या घरी कोण आहे?