तिसरा डबा

लेकीने, तनयाने, परग्रहावरचा मुलगा पसंत केला, याचं मंदाकिनीबाईंना फारसं वाईट वाटलं नव्हतं. तो दारू पीत नव्हता, चपला दाराबाहेर काढत होता आणि मुख्य म्हणजे त्याची आई चार प्रकाशवर्षं लांब राहत होती. कोथरूडमध्ये याहून चांगलं स्थळ शोधूनही सापडलं नसतं. पत्रिकेचाही ताप नव्हता. ग्रह बघायचे तर कोणते, हे गुरुजींनाच ठरवता आलं नाही. त्याचं खरं नाव उच्चारायला सात मिनिटं लागत, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी भाडेकरूंच्या वहीत परस्पर ‘अवधूत’ लिहून टाकलं होतं.

घोडं अडलं ते डब्यावर.

अवधूत पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याने एक गोल डबा आणला होता. आत हिरवट, शेवाळासारखं काहीतरी होतं. तनयाच्या वडिलांनी, शरच्चंद्ररावांनी, ते पोळीशी खाल्लं आणि “मेथी म्हणून खपेल,” असा निकाल दिला. मंदाकिनीबाईंनी डबा घासूनपुसून त्यात चिवडा भरला आणि परत दिला. कोणाचा डबा रिकामा कसा पाठवायचा? पण डबा उघडताच अवधूत निळ्याचा राखाडी झाला आणि आठ दिवस फिरकला नाही. दुसऱ्या डब्यात बाईंनी चकल्या घातल्या. या वेळी तो पंधरा दिवस गायब.

“चकल्या मऊ पडल्या होत्या का गं?” त्यांनी विचारलं, तेव्हा तनया रडायलाच लागली.

मग उलगडा झाला. अवधूतच्या लोकांत मागणी घालतात ती डब्यातून. डबा रिकामा परत आला तर होकार: आमच्याकडे तुझ्यासाठी जागा आहे. भरून आला तर नकार: आमचं भरलेलं आहे, तुझी गरज नाही. तीनदा भरलेला आला की मुलाने निमूट आपल्या ग्रहावर परतायचं. तिसरा डबा सकाळीच येऊन ओट्यावर बसला होता, आणि संध्याकाळी अवधूत तो न्यायला येणार होता.

“अगं, त्याला आपली पद्धत समजावून सांग की.”

“सांगितली. त्याला पटतंही. पण भरलेला डबा दिसला की त्याचा रंगच उडतो. तुला तरी पटतं ना, रिकाम्या डब्याने काही होत नाही?”

“पटतं की.”

“मग दे रिकामा.”

मंदाकिनीबाईंनी डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं. भांडण झालेल्या शेजारणीचा डबासुद्धा त्यांनी कधी रिकामा पाठवला नव्हता.

“निदान चिमूटभर साखर?”

“एक दाणाही नाही, आई.”

“अहो, तुम्ही तरी सांगा हिला!”

शरच्चंद्ररावांनी पेपर खाली केला नाही. “मुलगी द्यायला एका मिनिटात तयार झालीस. साखर न देण्यावरून दुपारपासून घर डोक्यावर घेतलंयस. चालू दे.”

संध्याकाळी बेल वाजली. दारात अवधूत, सगळे हात जोडून उभा. बाई डबा आणायला स्वयंपाकघरात गेल्या आणि सवयीने त्यांचा उजवा हात साखरेच्या बरणीत गेला. मूठ भरली. दाराशी तनया नुसती बघत होती. भरलेला डबा दिला तर तो जाईल, रिकामा दिला तर ही जाईल, हे बाईंना आत्ता कुठे नीट कळलं. मग मूठ पाठीमागे धरून त्या बाहेर आल्या आणि त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, डाव्या हाताने डबा पुढे केला.

अवधूतने झाकण काढलं. आत डोकावला. डबा उलटा करून झटकला. काही पडलं नाही. मग तो इतका निळा झाला की समोरच्या जोशीकाकूंनी दार उघडून बघितलं.

दोघं जिना उतरून गेल्यावर बाईंनी मूठ उघडली. साखर घामाने चिकट झाली होती, बरणीत परत टाकण्यासारखी राहिली नव्हती. त्यांनी शरच्चंद्ररावांच्या हातातला पेपर काढून घेतला आणि त्यांच्या तळहातावर ती साखर ठेवली.

“तोंड गोड करा. तनयाचं ठरलं,” त्या म्हणाल्या.

शरच्चंद्ररावांनी अर्धी साखर तोंडात टाकली. उरलेली अर्धी त्यांनी बायकोच्या रिकाम्या हातावर परत ठेवली.