कपाळावरून कॅमेऱ्यावर

मी टिकली. नूतनच्या कपाळावरची, मरून रंगाची, मखमली. मला तोंड नाही, पण कपाळावर बसून सगळं दिसतं. नंतर जिथे चिकटले तिथे तर नको तेही ऐकू आलं. म्हणून सांगते.

सुपेल्याच्या बाजारातून नूतनने मला पाकिटातून घरी आणलं. टिकलीचं आयुष्य ते केवढं! सकाळी कपाळ, रात्री आरशाची कड, गोंद सुकला की केराची टोपली. यापेक्षा जास्त मी काही मागितलं नव्हतं.

नूतन गोंदियाहून लग्न होऊन, राज्याची सीमा ओलांडून, हिंदी मुलखातल्या बोरसीतल्या या मराठी घरात आली. घरात सासू तुळसाबाई आणि नवरा अभिनव. तो हथखोजच्या एका कारखान्यात सुपरवायझर. घर फार सांभाळून राहणारं. कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला, सिलिंडरला साखळी, मागच्या दाराला कडी आणि वर कुलूप. त्या दारावर नजर राहावी म्हणून स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर, एक पांढरा कॅमेरा. मोबाइलवर बघता येणारा आणि मोबाइलवरून बोलताही येणारा.

बसवणाऱ्याने त्यात सोपासा पासवर्ड टाकला आणि "बाद में बदल लेना" म्हणून तो स्कूटरवर निघून गेला. ते 'बाद' या घरात कधी आलंच नाही. उलट नव्या सुनेने पहिल्यांदा गोड करायचं ठरलं, त्या दिवशी अभिनवने तो पासवर्ड लग्नासाठी काढलेल्या ग्रुपवर टाकला. जे येऊ शकले नाहीत त्यांना सुनेच्या हातचा शिरा निदान बघता यावा! ग्रुपात नागपूरचे, राजनांदगावचे, त्यांचे जावई, जावयांचे भाऊ. फोटोवाला होता. जेवणाचा ठेका घेतलेला माणूसही होता. लग्न उरकलं, पण ग्रुपमधून कोणाला काढायचं कोणाला सुचलं नाही. काढलं तर माणसाला वाईट वाटतं म्हणे.

हे मला आरशावरच्या जुन्या टिकल्यांनी सांगितलं. शिरा हलवता हलवता फ्रिजवरून आवाज आला म्हणे, "सूनबाई, तूप टाकायले हात कावून आखडून राहिली? माझ्या भावाचं घर आहे ते!" त्या नागपूरच्या मैनाआत्या, अभिनवच्या वडिलांच्या बहीण. सगळे पोट धरून हसले. नूतनच्या हातून कालथा पडला, पण तीही हसली. नवी होती.

मग ते रोजचंच झालं. "आज उठायले उशीर झाला का?" "पोळ्या जाड दिसून राहिल्या." एकदा भाजी निवडताना तिला आईची आठवण आली आणि ती जरा रडली. संध्याकाळी आत्याबाईंचा फोन तुळसाबाईंना आला, "वयनी, तुही सून कॅमेऱ्यासमोर रडून राहिली होती. लोकं काय म्हणतीन?" का रडली, हे नागपुरातही कोणी विचारलं नाही आणि बोरसीतही नाही.

"कॅमेरा बाहेर लावा नं, दाराच्या तिकडून," नूतन अभिनवला म्हणाली.

"अगं, सेफ्टी के लिए है. घरचेच तर पाहतात. तुले कायचं टेन्शन?"

त्या दुपारी मी कपाळावर होते. तुळसाबाई भजनाला गेलेल्या. नूतनने न्हाऊन केस मोकळे सोडले होते आणि गाऊनवरच ती ओट्याशी कणीक मळत होती. गुणगुणतही होती. या घरात ती गुणगुणते हे मला तेव्हा कळलं.

"भाभी, बाल खुले अच्छे लगते हैं."

पुरुषाचा आवाज. घरातला नाही, ओळखीचा नाही. नूतनचे हात कणकेतच राहिले.

"कल वाली हरी साड़ी पहनो ना."

तिने कणकेच्या बोटांनी मला कपाळावरून उपटलं, स्टूल ओढलं आणि मला त्या काचेच्या डोळ्यावर दाबून बसवलं. मला वाटलं, झालं! मी एवढीशी, पण एक आख्खा डोळा मिटवला. तेवढ्यात माझ्या पाठीमागून, अगदी माझ्या गोंदाला थरथर सुटेल असा, तोच आवाज आला, "अरे, अंधेरा कर दिया?" आणि हसला.

डोळा मी झाकला होता. त्याचे कान आणि तोंड उघडेच होते.

नूतन मागच्या दाराचं कुलूप काढून अंगणात जाऊन उभी राहिली. भर उन्हात, अनवाणी.

थोड्याच वेळात नागपूरहून फोन गेला. भजनातल्या तुळसाबाईंना आत्याबाईंनी कळवलं की घरचा कॅमेरा काळा झाला, सुनेचं काहीतरी चालू आहे. तुळसाबाई तरातरा आल्या. नूतनने सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण बघत होत्या तिच्या रिकाम्या कपाळाकडे.

"परक्या माणसाले तुह्या साडीचा रंग कसा मालूम?"

"आई, त्याले कॅमेऱ्यातून दिसते."

"कॅमेऱ्यात तर मीही दिसते. तो तुह्याशीच कायले बोलला?"

संध्याकाळी अभिनव आला. मला वाटलं, आता हा पासवर्ड बदलेल. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "तुझा फोन दे." कॅमेरा फ्रिजवर तसाच राहिला, तपासणी नूतनच्या फोनची झाली. कोणाचे मेसेज, कोणाचे मिस्ड कॉल, माहेरच्या कोणत्या मुलाचा नंबर. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून कोणी माफी मागितली नाही.

"पासवर्ड तरी बदला," ती इतकंच म्हणाली.

"बदलतो नं बाबा."

त्याने नखाने मला काढलं, ओट्यावरच्या टाइलला चिकटवलं आणि काच रुमालाने पुसली. मग खरंच पासवर्ड बदलला. नूतनचं नाव आणि लग्नाची तारीख. जे पत्रिकेवर छापून गावोगाव वाटलं होतं, तेच. तुळसाबाई म्हणाल्या, "मैनाबाईले कळव बरं, नाही तर तिले वाटन आपण तोडून टाकलं." त्याने नवा पासवर्ड त्याच ग्रुपवर टाकला. खाली हात जोडल्याचे चित्र.

तेव्हापासून मी इथेच आहे. नूतन आता केस घट्ट बांधून स्वयंपाकघरात येते. टिकली लावत नाही, मान वर करत नाही, गुणगुणत नाही. आवाज परत आला नाही. पण बोलत नाही म्हणून तो बघत नाही, असं तिला कोण सांगेल?

तुमच्या घरातही असा डोळा असेल तर एवढं करा. त्याची किल्ली ग्रुपवर टाकू नका. जिच्यावर तो रोखलाय तिला एकदा विचारा. आणि ती घाबरून काही सांगायला आली तर आधी तिचा फोन मागू नका. ही कामं टिकलीची नाहीत. मी एक डोळा झाकून पाहिला.

कुकरच्या वाफेने माझा गोंद सुटत आलाय. आज-उद्या पडेन. पडताना त्या डोळ्याला दिसेनही, पण ओळखणार कोण? नागपूरहून आवाज तेवढा येईल, "सूनबाई, कपाळ असं भुंडं कावून?"