वजनताईंचे पाच किलो

कॅप्टनसाहेबांनी बंद पडलेल्या विमान कंपनीचा इतिहास लिहायला घेतला आणि इकडे वजनताईंची झोप उडाली.

तशी कंपनी होती केवढीशी. नऊ-नऊ आसनांची तीन विमानं. रोजची फेरी बेटापर्यंत, एरवी मागेल त्याला भाड्यानं. कधी फुटबॉलचा संघ, कधी सर्वेक्षणवाले, एकदा तर सर्कशीतले बारा पोपट. चौदा वर्षं मजेत चाललं. मग बेटाला पूल झाला आणि कारभार आटोपला.

विमान एवढंसं, म्हणून प्रत्येकाला काट्यावर उभं करून वजन मोठ्यानं सांगायचं आणि वहीत लिहायचं, हे ताईंचं काम. त्यावर कॅप्टन सामान किती चढवायचं ते ठरवायचे. आता चारचौघांत वजन पुकारलं की बाईमाणसाला कसं होतं, ते पुरुषांना काय कळणार. पहिल्याच आठवड्यात एक शिक्षिका आकडा ऐकून रडवेली झाली. तेव्हापासून ताई प्रत्येक बाईचे पाच किलो कमी सांगायच्या, आणि ती वहीत डोकावणार म्हणून लिहायच्याही कमीच. विमान सुखरूप उतरेपर्यंत जीव टांगणीला. उतरलं की पुढच्या बाईचे पाच किलो. का कोण जाणे, टपालाची एखादी गोणी मात्र नेहमी मागे राहायची आणि बोटीनं जायची.

जुन्या हँगरमधल्या मेळाव्याचं बोलावणं आलं. खाली कॅप्टनच्या अक्षरात होतं, "सगळं खरंखुरं लिहिलंय." झालं. आता सगळ्यांसमोर शोभा होणार, हे ताईंनी धरूनच ठेवलं. लेकीनं जवळजवळ ओढतच नेलं.

कॅप्टन वाचत होते. पोपटांवर सगळे पोट धरून हसले. मग ते म्हणाले, "आता वजनताई." ताई लेकीच्या आड सरकल्या.

"पहिल्याच महिन्यात आमची ही बेटावर गेली. परतली ती हवेतच. म्हणे, पाच किलो उतरले. मी रोज तिला बघतोय, मला माहीत नाही होय? तेव्हा ताईंची करामत कळली. त्या दिवसापासून बाईमागे पाच किलो मी मनात धरायचो, आणि तेवढं टपाल खाली ठेवायचो."

हँगर हशानं दणाणला. ताई कशाबशा उठल्या. "मग मला बोलला का नाहीत, साहेब? चौदा वर्षं माझ्या पोटात गोळा."

"बोललो असतो, तर तुम्ही खरं सांगायला लागला असता. बायका किती खुशीत विमानात चढायच्या, ते मी पुढे बसून ऐकत होतो, ताई."

ताईंना रडूही आलं आणि हसूही. कॅप्टननी हात धरून त्यांना कोपऱ्यातल्या जुन्या काट्यावर उभं केलं, चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अठ्ठावन्न."

"आई, घरी तर त्रेसष्ट..." लेक म्हणाली.

"तू गप्प बस," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "साहेबांना काटा वाचता येतो."