कच्चा टाका

चिमणी आमच्या प्रयोगशाळेत आली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मीच दाखवला. दाखवला म्हणते, कारण झाला नव्हता. ती माझी मावसबहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान. लहानपणी सारखी चिवचिवायची म्हणून चिमणी, आणि ते नाव तिच्या मागोमाग विद्यापीठातही आलं. मी बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होते. तिनेही तोच विषय घेतला, मार्गदर्शक म्हणून माझेच सर निवडले आणि तिला टेबल मिळालं तेही माझ्याच शेजारचं.

आम्ही कृत्रिम हात बनवत होतो. उरलेल्या हातावर पट्टी बांधायची, स्नायू आवळला की त्यातले क्षीण विद्युत संकेत पकडायचे आणि त्यावर मोटारीची बोटं मिटवायची, हे माझं काम. चार वर्षं मी त्या संकेतांतला गोंगाट गाळत बसले होते. दर बुधवारी टेलरकाका चाचणीला यायचे. अपघातात त्यांचा उजवा हात कोपराखालून गेला होता. दुकान मुलीनं सांभाळलं होतं, तरी गळ्यातली मोजपट्टी काही सुटली नव्हती.

पहिल्याच बुधवारी चिमणीनं त्यांना विचारलं, "काका, या हातानं तुम्हाला नक्की काय करायचंय?"

"कापड धरायचंय," काका म्हणाले. "हा धरतो, पण असा आवळून धरतो की चुरगळतंच. कापड काय चोर आहे?"

सर खो खो हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चार वर्षांत आपण हे विचारलंच नाही गं."

'आपण' म्हणाले, तरी मला ते झोंबलं.

सहा महिन्यांत तिनं बोटांच्या टोकांना दाब ओळखणारे सेन्सर बसवले. किती जोरात धरलंय हे आता हाताला कळू लागलं. सर सकाळी आले की आधी तिच्या टेबलाशी थांबायचे. आई फोनवर म्हणायची, "मावशी सांगत होती, चिमणीचं फार कौतुक चाललंय म्हणे." मी म्हणायचे, "हो ना, हुशारच आहे," आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास काही सुचायचं नाही. तिचं एखादं सर्किट जळालं की मला त्या दुपारचं जेवण गोड लागायचं. स्वतःची लाज वाटायची, पण जेवण गोडच लागायचं.

बाहेरच्या तज्ज्ञांची समिती काम बघायला येणार होती. चाचणीआधी सगळी जोडणी तपासून कागदावर सही करायची, ही जबाबदारी वरिष्ठ म्हणून माझी. सकाळी नऊ वाजता मी भिंगाखाली तिचा सर्किट बोर्ड धरला. सोल्डरचा चांगला टाका चकचकीत असतो. अंगठ्याच्या सेन्सरजवळचा एक टाका मळकट, खरखरीत दिसला. कच्चा होता. तापवून पक्का करायला दोन मिनिटं पुरली असती.

"ताई, ठीक आहे ना सगळं?" चिमणीनं विचारलं.

"हो," मी म्हटलं आणि सही केली.

अकरा वाजता टेलरकाकांनी पाण्यानं भरलेला कागदी कप उचलला. समितीतल्या बाई कौतुकानं पुढे झुकल्या. तेवढ्यात टाका सुटला. हाताला वाटलं, आपण काहीच धरलेलं नाही. त्यानं बोटं आणखी आवळली. कप चिरडला, पाणी काकांच्या शर्टावर, कागदांवर, सगळीकडे. चिमणी पांढरीफटक पडली.

मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. क्षणभर वाटलंही.

काका मात्र उभे राहिले आणि डाव्या हातानं टेबल पुसायला लागले. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "सकाळपासून जरा धास्तावलो होतो. साहेब, पोरीला बोल लावू नका. माझ्या जागी दुसरा कुणी धड माणूस बघा. माझ्यात आता ते कसब राहिलं नाही."

चाळीस वर्षं कात्री चालवलेला माणूस माझ्यामुळे स्वतःला निकामी ठरवत होता.

"काका, तुमचं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. "चिमणीच्या बोर्डवरचा एक टाका कच्चा होता. मी सकाळी पाहिला होता. पाहून सही केली."

चिमणीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं बोर्ड उचलला आणि भिंगाखाली धरला. तिला आधी टाका बघायचा होता, माझ्याकडे नंतर.

सरांनी मला तीन महिने चाचण्यांपासून दूर ठेवलं. माझ्याविरुद्धची तक्रार त्यांनी स्वतः लिहिली, कबुली म्हणून मी तिच्याखाली सही केली. या कामावरच्या शोधनिबंधातून माझं नाव गेलं. चिमणी पाच आठवडे माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. मग एक दिवस जिन्यात थांबून म्हणाली, "कच्चा टाका माझाच होता, ते मी विसरणार नाही. पण तू बघून गप्प बसलीस, तेही विसरणार नाही."

"नको विसरूस," मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात काकांनी त्या हातानं रेशमाचा तुकडा धरला आणि डाव्या हातानं सरळ कापला. मी काचेच्या दाराबाहेरून पाहिलं. मत्सर संपला असं मी म्हणणार नाही.

आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशीला मी नाही सांगणार. तूच सांग."

मी फोन लावला. मावशीला सगळं सांगितलं. ती रडेल, चिडेल, फोन ठेवेल, असं मला वाटत होतं.

"त्या काकांना लागलं तर नाही ना गं?" तिनं विचारलं.

आणि मला कळलं, इतक्या दिवसांत मी त्यांना हे विचारलंच नव्हतं.