नाच नव्हे

जॅनेलचा उजवा पाय डाव्यावरून पलीकडे गेला आणि ओडेल मावशीच्या हातातली झाडूची दांडी जमिनीवर आपटायची थांबली. ठेकाच तुटल्यावर गोल फिरणाऱ्या सहाही मुली जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"पाय ओलांडलास," मावशी म्हणाली. "पायावरून पाय गेला की तो नाच. आपल्या बेटावर देवापुढे फेर धरतात, नाचत नाहीत."

"उत्साहात गेला, मावशी."

"मग उत्साह घरी ठेवून येत जा."

मुली फिसकन हसल्या. व्यायामशाळेच्या दारात उभे असलेले मुख्याध्यापक प्रुइट हसले नाहीत.

"उलट तेच बरं दिसत होतं," ते आत येत म्हणाले. "हे पाय फरफटणं बघून पालक पेंगतील. फेब्रुवारी तुमच्या काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना, म्हणून शाळेच्या कार्यक्रमात यंदा तुम्हाला पाचच मिनिटं आहेत. जरा उड्या मारा, हसा. नाहीतर कार्यक्रम रद्द."

"पण सर, हा फेर..."

"दरवर्षी तेच काय उगाळायचं? पुस्तकात आहे ना तुमचं सगळं?"

"आहे की, चार ओळी." जॅनेलला आता थांबवेना. "आमची माणसं भात पिकवायला इथं आली म्हणे. सहलीला यावं तशी. त्यांना आफ्रिकेतून गुलाम करून आणलं, मालकांनी त्यांचे ढोल काढून घेतले, म्हणून ती काठी आपटायला लागली, हे कुठं आहे त्यात?"

"फार तोंड सुटलंय तुला."

"गेल्या वर्षी गप्पच होते, सर. तरी पंधराची दहा मिनिटं केलीतच."

प्रुइटांनी खिशातून यादी काढली, पेनचं टोपण उघडलं. "नाच की रद्द? आत्ता सांग."

सहा आठवड्यांची मेहनत होती. सगळ्यात धाकटी रोझलिन पांढऱ्या परकराची कड बोटांत चुरगाळत राहिली. जॅनेलनं मावशीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? पुढारी तू."

जॅनेलनं तळहात परकराला पुसले.

"नाच नाही, सर."

पेन यादीवर आडवं फिरलं. "मग जागा रिकामी करा. बास्केटबॉलची मुलं खोळंबलीत."

मुलं धडाधड आत आली. चार-पाच चेंडू एकदमच आपटू लागले. मुलींनी दप्तरं उचलली. जॅनेल मात्र हलली नाही. तिनं पाय पुढे सरकवला, जमिनीला घासत. मग दुसरा, त्याच्या मागे.

मावशी थोडा वेळ त्या पायांकडे बघत राहिली. मग तिनं काठी उचलली.

ठक. ठक-ठक.

एकेक दप्तर खाली ठेवलं गेलं.

प्रुइटांनी मुलांकडे वळून गळ्यातली शिट्टी फुंकली. "सरावाला लागा."

ताडमाड उंचीचा कप्तान टायरिक दोनदा चेंडू आपटून थांबला. खांदे किंचित झुकले. काठीच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत तो टाळी वाजवू लागला, बेटावरच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या फेराला वाजवतात तशी. हातातून सुटलेला चेंडू घरंगळत भिंतीपर्यंत गेला.

प्रुइटांनी पुन्हा शिट्टी फुंकली. चेंडू आणायला कुणी गेलं नाही.